गाऱ्हाण्याची सीडी

अजयने सीडी पालथी करून शेवटची एकदा उन्हात धरली. ओरखडा नाही, बोटाचा डाग नाही. तरी बनियनच्या टोकाने पुसली आणि प्लेअरमध्ये घातली. आचऱ्याच्या किनाऱ्यावर अख्खी वाडी हात जोडून उभी होती. समोर बाळाकाकांची नवी होडी, तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळा, आणि कर्ण्यातून अजून नुसती खरखर.

खरं तर होडी पाण्यात लोटण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ते गावच्या मानकऱ्यांनी, म्हणजे गावकर असलेल्या बाबलीआजोबांनी. पण त्यांनी नुकतेच देवगडला जाऊन उरलेसुरले सगळे दात काढून घेतले होते. आता तोंडातून पेज आत जात होती, पण धड शब्द बाहेर येत नव्हता. दात होते तोवरच अजयने आपल्या स्टुडिओत त्यांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

अजयच्या सीड्यांची कीर्ती मात्र काही बरी नव्हती. गेल्या वैशाखात त्याने बाळाकाकांच्या पुतणीचं लग्न शूट केलं, तर सीडीत नवरा हार उचलून जो गोठला तो गोठलाच. त्या सीडीपुरतं ते लग्न अजून लागलेलं नाही. अशा माणसाने काकांच्या लेकीला, अक्षदाला मागणी घालायची म्हणजे कमालच. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नारळी पुनवेक तुजी सीडी माज्या होडयेम्होरा अडाकली, तर चेडवाचा नाव काडू नको."

म्हणून त्याने दोन सीड्या केल्या होत्या. एक वीज जायच्या भीतीने भरधाव वेगात बर्न केलेली, आणि एक वीज जाऊन परत आल्यावर, सावकाश. पहिली त्याने हौसाआत्येला समोर बसवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली. गाऱ्हाणं म्हटल्यावर आत्येने हात जोडले, डोळे मिटले आणि दर वाक्याला "होय महाराजा" म्हटलं. अजयनेही म्हटलं. देवाच्या कामात चुका शोधत बसण्याइतका तो आगाऊ नव्हता. शेवटी आत्ये म्हणाली, "बाबल्यान म्हावऱ्यासाठी लय जीव तोडून मागल्यान हां." झालं, सीडी पास. दुसरी तपासायची राहूनच गेली. ती आपली अडीअडचणीला खिशात.

कर्णा बोलू लागला.

"बा देवा महाराजा, आज ह्यो बाळा नवी होडी घेवन तुज्या पायाकडे इलो आसा..."

"होय महाराजा," वाडी म्हणाली.

"तेचा जाळा म्हावऱ्यान भरान येवंदे, रे महाराजा..."

"होय महाराजा."

"तेचा जाळा म्हावऱ्यान भरान येवंदे, रे महाराजा..."

"होय महाराजा."

पुन्हा तेच आलं तसा अजय प्लेअरकडे वळला. आत्येला बाबलीआजोबा एवढा जीव तोडून मागताना का वाटले, ते त्याला आत्ता कळलं. सीडी घरीसुद्धा अशीच बराच वेळ अडकून मग पुढे सरकली होती, आणि दोघं हात जोडून तिला होकार देत बसली होती.

कर्णा काही म्हावरं सोडेना. वाडीही होय म्हणायची थांबेना. खुद्द बाबलीआजोबा तोंडाला पंचा लावून कर्ण्याकडे टकामका बघत होते. आपण इतके चिवट आहोत हे त्यांनाही नवीन होतं. आरतीचं ताट धरून उभी असलेली अक्षदा ओठ चावत होती. आणि बाळाकाका? त्यांचे डोळे गच्च मिटलेले, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. अजयला पुढचं बघवेना. त्याने मान खाली घातली, सीडी काढली आणि खिशातली घातली.

दुसरी सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि कशी लोण्यासारखी चालली. बाळा होडी घेऊन आला, होय महाराजा. जाळं म्हावऱ्याने भरू दे, होय महाराजा. लगेच पुढे, वादळवाऱ्यात सांभाळ, होय महाराजा. कुठे खट्ट नाही की खुट्ट नाही. अजयच्या जिवात जीव आला आणि त्याने हळूच मान वर केली.

बाळाकाका वाळू तुडवत थेट त्याच्याच दिशेने येत होते. अजय उभा राहिला. जे काय ऐकायचं ते उभ्यानेच ऐकलेलं बरं. काकांनी हात वर केला तशी वाडी गप्प झाली.

"ही सीडी खराब आसा," काका म्हणाले. "म्हावरा एकदाच मागता नि फुडे पळता. ती आदलीच लावा, जावयबापू."