बाबांवर कोण गेलं

दाढ दुखून थोरल्याचा गाल टम्म फुगला होता, पण दंतवैद्य हात लावायला तयार नव्हता. बाबांचं रक्त लवकर गोठत नाही आणि मुलगा हुबेहूब बाबांवर गेलाय, तेव्हा ह्याचंही तसंच असणार, असं आईने दंतवैद्याला बजावलं होतं. तिने थोरल्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. सायकल नाही, चेंडू नाही, ब्लेडने दाढी नाही. धाकटी पडली आईच्या वळणाची. ती झाडावरून पडली तरी कुणी ढुंकून बघत नसे.

रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "दाढ खुशाल काढा. ह्यांचं रक्त ठणठणीत आहे."

"असं कसं?" बाबा जवळजवळ रागावलेच. "नाक माझं, चाल माझी, घोरणंसुद्धा माझं!"

"असेल. पण हा दोष असतो एक्स गुणसूत्रावर, आणि बापाचा एक्स जातो मुलीकडे. मुलाला मिळतो वाय. तुमचा आजार तुमच्याकडून मुलाला होऊच शकत नाही."

"म्हणजे मी जन्मभर उगाच काठावर बसून मॅच बघितल्या?" थोरला ओरडला. आईने नजर चुकवली.

धाकटी आली होती ती फक्त गाडी चालवायला. तिला सातवा महिना होता. "मुलीकडे म्हणजे... माझ्याकडे?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हो. तुम्हाला सहसा त्रास होत नाही. पण मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. आधीच कळलं हे फार बरं झालं. बाळंतपण जपून करू. बाबा घेतात त्या इंजेक्शनांचीही सोय करून ठेवू."

धाकटीचा हात पोटावर गेला. मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांचा चेहरा असा पडला होता, जणू त्यांनी चोरीच केली होती. तिला ते बघवेना.

"काय रे दादा," ती म्हणाली, "नुसत्या नाकावर एवढी वर्षं मिरवलास! बाबांवर तर मी गेलेय."

थोरला दाढ धरून हसला. आईही डोळे पुसत हसली. बाबांनी दोनदा घसा खाकरला.

"नातू माझ्यासारखा निघाला ना, तर आणून बसव माझ्यापाशी," ते म्हणाले. "सुई टोचून घेताना कुठलं गाणं म्हणायचं, ते मी शिकवतो त्याला."