दोन जड, एक हलका

गुरुवारी सकाळी साडेअकराला नामा तांबटांनी ताट बाजूला सारलं. सलग तिसऱ्या दिवशी.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोन नाय गेलं, बाबा!" त्यांची सून दर्शना कानाशी ओरडली. उपयोग नव्हता. पन्नास वर्षं तांबं ठोकून त्यांचे कान गेले होते. डावा तळहात फरशीवर टेकून ते आळी ऐकत. तीन दिवस फरशी मुकी होती.

कर्जतच्या या आळीत चौलहून आलेल्या तांबटांची चोवीस घरं होती. कोणी मेलं की सगळे हातोडे थांबत, आणि ते पुन्हा वाजेपर्यंत आळीत कोणी अन्नाला शिवत नसे. अलीकडे एकच हातोडा उरला होता, शेजारच्या नीलेशचा. सोमवारी तोही दुकान बंद करून साजगावच्या कारखान्यात लागला. दर्शनानं हे पाटीवर लिहून दाखवलं.

"तांबट कधी कारखान्यात जातो काय? मेलंय कोनीतरी. लपवताय माझ्यापासनं." त्यांनी पाटी पालथी घातली.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. मग सलाईन.

नीलेश दुकानाची चावी दर्शनाकडेच ठेवून गेला होता. तिनं कुलूप काढलं, कोपऱ्यातला पोचलेला हंडा ऐरणीवर घेतला आणि हातोडा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. दहा मिनिटांत तळव्याला फोड आला. कुलूप लावून ती परतली.

म्हाताऱ्यानं भाकरी मोडली होती.

"कुठला शिकाऊ धरून आनलाय गं नीलेशनं? कोंबडी दाने टिपते जनू!"

दर्शनाला हसू फुटलं. डोळे पुसत तिनं आमटी वाढली.

त्यांचा डावा हात फरशीवरच होता. त्याची बोटं ठोक्यांचा ताल धरून हलू लागली. दोन जड, एक हलका. दोन जड, एक हलका.

"आता कसं! हा आपल्या चंदरचा हात. शिकाऊला उठवलंन त्यानं."

चंदर त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आळीतले हातोडे थांबले होते ते त्याच्यासाठी.

दर्शना बाहेर गेली. शेजारचं कुलूप जागच्या जागी होतं. चावी तिच्या कमरेला. रस्त्यावर एखादा टेंपोही नव्हता.

साडेबाराला भाकरी संपली. दर्शना सासऱ्यांशेजारी बसली आणि तिनं फोड आलेला तळहात फरशीवर टेकला.

तो तिनं अजून उचललेला नाही.