धनाजीचा निरोप

असं समजा, की तुम्ही नदीच्या घाटावर बसला आहात. मघाशी ज्या पायरीवर तुमचे पाय होते ती आता पाण्याखाली गेली आहे. तुम्ही एक पायरी वर सरकता. थोड्या वेळानं आणखी एक. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही. गढूळ पाणी मांजरीच्या पावलांनी वर येतं आहे.

सांगलीच्या अलीकडं, कृष्णेकाठच्या एका गावात सहावीतली शिवांजली अशीच सरकत सरकत शेवटी वडाच्या पारावर पोचली. तिथं सगळं गाव जमलं होतं. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत फिरून गेला होता. जनावरं सोडा, माळावरच्या शाळेत चला. पण एकाही गोठ्यातलं दावं सुटलं नव्हतं.

कारण हे गाव भोंग्यावर हलत नसे. ते धनाजीच्या फोनवर हलत असे.

धनाजी म्हणजे शिवांजलीचे वडील. वर डोंगरातल्या धरणावर, दरवाजांच्या कामावर ते होते. पाणी सोडायचं ठरलं की ते घरी फोन करत. मग शिवांजलीचे आजोबा लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, आपली म्हैस सोडून माळाची वाट धरत. आणि त्यांची म्हैस निघाली की मागोमाग सगळं गाव निघे. आजवर धनाजीचा निरोप कधी चुकला नव्हता.

"आवं लालासाब, आला का फोन?" शेजारच्या बनाबाईनं विचारलं.

"आला असता तर हितं बिडी वढत बसलो असतो व्हय?"

"मिल्ट्रीवाल्याचा काय नेम?" गोठ्याशेजारचा नानासो म्हणाला. "आपली म्हस गुपचूप माळावर पोचवतील, आन् मग आमाला सांगतील."

"तुझ्या म्हशीला माझ्या म्हशीबिगर करमत न्हाई रं. आदी तिला इचार."

पारावर हशा पिकला. शिवांजली मात्र हसली नाही.

"आबा, धरण पाणी सोडतंच कशाला? धरून ठेवावं की सगळं."

"किती ठेवणार, पोरी? धरण म्हंजी डोंगरातली कणगी हाय. पावसाळ्यात भरायची, उन्हाळ्यात पुरवून खायची. तकडं दुष्काळी जतच्या बाईच्या हंड्यात उन्हाळ्यात पाणी पडतं, ते हीच नदी उचलून नेलेली असती. कणगी रिकामी ठेवली तर ती माणसं तहानंनं मरायची. काठोकाठ भरली आन् वरनं पाऊस आला, तर आपुन बुडायचं. किती ठेवायचं, किती सोडायचं, ह्येच तुझा बाप तितं बघत असतो."

शिवांजली उठून घरामागं डोकावून आली. मग म्हणाली, "आबा, घरामागचा ओढा उलटा चढतोय. पुलाच्या पोटाला पाणी लागलंय."

ओढ्यावरचा तो बुटका पूल म्हणजे माळाकडं जायची एकुलती एक वाट होती. तो पाण्याखाली गेला, की गावाला बाहेर पडायला जागा नव्हती.

"ओढ्याला काय अक्कल हाय व्हय?" नानासो म्हणाला. "धनाजीला ओढ्यापेक्षा जास्त कळतं."

तेवढ्यात पारासमोरच्या घरात फोन वाजला. लालासाहेबांच्या घरात फक्त खिडकीतल्या कोनाड्यात रेंज मिळे, म्हणून फोन कायम तिथंच असायचा. शिवांजली पळत गेली.

"व्हय बाबा... बरं... व्हय, आबांना सांगते."

मध्येच आवाज तुटला. तिनं फोन कोनाड्यात ठेवला. खिडकीतून पुलाचा कठडा दिसत होता. ती क्षणभर तिकडं पाहत राहिली, आणि मग पाराकडं धावली.

सगळे उठून उभे राहिले होते.

"काय म्हनला?" लालासाहेबांनी विचारलं.

"निघा म्हनले. आत्ताच्या आत्ता."

"किती दरवाजं उघडलं?"

"रेंज गेली, आबा."

लालासाहेबांनी बिडी विझवली, कोनाड्यातला फोन खिशात टाकला आणि गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं. मग नानासोची म्हैस निघाली, बनाबाईच्या शेळ्या निघाल्या, कडेवरची पोरं, डोक्यावरची गाठोडी, पाठीवर घेतलेली म्हातारी माणसं, सगळं निघालं. शेवटची बैलगाडी पुलावरून गेली तेव्हा चाकं निम्मी पाण्यात होती. थोड्याच वेळात पूल दिसेनासा झाला.

माळावरच्या शाळेतून खाली पाहिलं, तर गावातली नुसती छपरं उरली होती.

"धरणानं आज लय सोडलं," नानासो हळूच म्हणाला.

"पर आदी सांगितलं का न्हाई?" बनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "धनाजी हाय म्हनून जित्ती हाय मी."

दिवस मावळताना लालासाहेबांच्या खिशातला फोन वाजला. माळावर रेंज चांगली होती. साऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. वर्गातली माणसं जवळ सरकली.

"आबा! आबा, कुठं हाय तुमी?"

"माळावर, शाळंत. सगळं गाव हाय. एक मानूस मागं न्हाई."

पलीकडून धनाजीचा घोगरा आवाज आला.

"आबा, दुपारी पोरीला मीच सांगितलं हुतं, सकाळधरनं समदे दरवाजे बंद हायती, कणभर पाणी सोडलं न्हाई. आबांना म्हनावं, घरातनं हलू नगा. धरणाच्या खाली, उंब्रज-कराडकडं येवढा कोसळलाय, हे आमाला हितं आत्ता कळतंय. आबा, तुमाला निघा म्हनून सांगितलं कुनी?"

साऱ्या वर्गानं शिवांजलीकडं मान वळवली. ती मघाशीच तिथून उठली होती, आणि व्हरांड्याच्या कडेला वाकून, पाणी कुठवर आलं ते पाहत होती.