हाताने कापलेलं पॅकिंग

सोमवार-गुरुवारचं डायलिसिस. ताकासारखं ऑईल. हातोडीने ठोकून कापलेलं पॅकिंग. वालीवच्या गॅरेजात मेकॅनिक जयवंत ऑईल तपासायची डिपस्टिक ओढून नुसताच बघत राहिला. “काका, पुन्हा ताकच घुसळलंत का?” गाडीची मालकीण स्वप्ना हसली. डायलिसिसला जाताना तिच्या आईला रिक्षात बसवत नव्हतं, म्हणून ही जुनी गाडी. फ्युएल इंजेक्शन काढून जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर बसवायचा सल्ला जयवंतचाच, कारण त्याला तेवढंच येत होतं. तेव्हापासून कूलंट ऑईलमध्ये उतरत होतं. त्याच संशयाने हेड गॅस्केट दोनदा बदलून झालं. कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डमधूनही कूलंटचं पाणी फिरतं हे त्याला आज कळलं. जुन्या गाड्यांच्या सवयीने त्याने तिथे कापून बसवलेल्या पॅकिंगने ती वाट बंदच केली नव्हती. पाणी मिसळलेल्या ऑईलने बेअरिंगं केव्हाच झिजली होती. “इंजिन गेलं, पोरी.” “मग परवा आईला कसं नेऊ?” जयवंतने बॉनेट लावलं. गाडी पहिल्यांदा बंद पडून आली तेव्हा इंजेक्शनची वायर तेवढी सैल होती.