निवांत सुट्टी

२००१ सालच्या नाताळात आसावरी आणि उल्हास अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून इंग्लंडमधल्या एका खेड्यात, परीक्षितकडे दहा दिवस राहायला गेले. सगळ्यांना सांगितलं, नुसता आराम करायचाय. खरं म्हणजे उल्हासची नोकरी जानेवारीअखेर जाणार होती, आणि कॉलेजातल्या या जिवलग मित्राला तिकडे कुठे जमतंय का ते विचारायचं होतं.

परीक्षित फायरप्लेसपाशी पाय पसरून गप्पा मारायचा, मेंढ्यांच्या कुरणांतून लांब लांब फिरवून आणायचा. घाई म्हणून कसली नाहीच.

"अरे, आज तरी विषय काढ," आसावरी रोज म्हणायची.

"तो किती मजेत आहे बघ. त्याच्या सुट्टीचा विचका कशाला करू?"

निघायच्या दिवशी विमानतळावर परीक्षितनंच उल्हासला बाजूला घेतलं. "यार, दहा दिवस जीभच रेटली नाही. ऑक्टोबरपासून घरी बसलोय. तुझ्या ऑफिसात माझा रेझ्युमे देशील?"

उल्हासनं आसावरीकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद घेतला आणि म्हणाला, "देतो की. त्यात काय एवढं!"

पुढे दोघेही मित्र पुण्याला परतले, दोघांचंही छान चाललं. परीक्षित अजून चारचौघांत टोमणा मारतो, "याला आयुष्यात एक काम सांगितलं होतं, तेवढंही झालं नाही!" खरं सांगायला आसावरी तोंड उघडते, तर उल्हास तिला डोळ्यांनीच गप्प करतो.