भावाच्या पेशी

पडद्यावर पट्टी उमटली आणि तिनं जवळ वाकून पुन्हा पाहिलं. ही पट्टी पुसली जायला हवी होती.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," मागे उभे असलेले सर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांचीच.

झालेली असू दे, तिनं मनात घोकलं. एरवी तिच्या कामात कोणी चूक काढली तर राग नाकाच्या शेंड्यावर यायचा. आज तिला स्वतःची चूक हवी होती. तिनं एकेक नळी तपासली. चूक नव्हती.

पेशी तिच्या धाकट्या भावाच्या होत्या. त्याच्या स्नायूंचं हाड होत होतं. मान कधीच अडकली होती, आता उजवा हातही. पेशीवरचा एक रिसेप्टर 'हाड बनवा' हा निरोप घेतो. भावाच्या पेशींत तो उगाचच जागा होई. त्याला गप्प करायला या प्रयोगशाळेनं अँटिबॉडी, म्हणजे त्या रिसेप्टरला चिकटणारं प्रथिन, औषध म्हणून बनवली होती. पडद्यावरची पट्टी म्हणजे निरोप आत पोचल्याची खूण, आणि निरोगी पेशींत औषध घातलं की ती पार नाहीशी व्हायची. रुग्णांच्या पेशी वाढायला फार नखरे करतात, म्हणून त्यांच्यावरची चाचणी मागे पडली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. भावाला पहिला डोस परवाच दिला होता, आणि हट्ट तिचाच होता.

आता भावाच्या औषध घातलेल्या पेशींची पट्टी न घातलेल्या पेशींच्या पट्टीपेक्षाही काळी दिसत होती.

सर खुर्ची ओढून बसले. "अँटिबॉडीला दोन हात," ते हळू म्हणाले. "दोन रिसेप्टर धरून जवळ आणतेय. निरोगी पेशीत ते जवळ येऊनही गप्प बसतात. याच्या पेशीत त्यांना निमित्तच हवं होतं."

"म्हणजे आपण निरोप थांबवत नाही आहोत."

"आपणच देतोय."

"अंगातून काढता येईल?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काही आठवडे राहते ती."

तिनं मोबाईल उचलला. फोन लावताना बोट भलत्याच नावावर पडलं. दुसऱ्यांदा लागला.

"ताई, मीच करणार होतो तुला," भावाचा आवाज खुशीत होता. "काल रात्रीपासून खांद्यापाशी गाठ आलीय, गरम लागतेय. औषध कामाला लागलं म्हणायचं, नाही का गं?"