हलक्या प्रतीचे आजोबा

घराच्या भिंतीनं चित्रफितीसारखे टिपलेले आजोबांचे दिवस नात आज पहिल्यांदाच त्या भिंतीवर बघत होती. “आजी, आजोबा कधी हसायचेच नाहीत?”

अनसाक्का चपापल्या. हसायचा की तो माणूस, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात, तेही अक्कांनी तोंड सोडलं की.

त्याच्या आजारपणात, भिंतींनी टिपलेलं साठवून ठेवणाऱ्या जतन-केंद्रातल्या बाईनं बजावलं होतं, “भारी प्रतीला साठवणीची जागा फार लागते, पण हलक्या प्रतीत बारीक हालचाली पुसल्या जातात.”

“दगड हाय तो, हलतोय कुठं? हलकीच घ्या. जागा लेकीच्या लग्नाला राहू दे,” अक्का चारचौघांत ठसक्यात म्हणाल्या होत्या. नवरा खाटेवरून ऐकत होता.

आता भिंतीवर तो खरंच दगडासारखा बसला होता. अक्कांच्या शिव्या मात्र खणखणीत टिकल्या होत्या, एकही गळली नव्हती.

“आवाज तेवढा बंद कर,” अक्का खाली बघत म्हणाल्या.